कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनसाठी आलेली विद्यार्थिनी मॅचमूव्हकडे कशी वळली : एक प्रकरण अभ्यास

पुण्यात अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स (चित्रपटातले दृश्य परिणाम) शिकणाऱ्या मुलांचे शोरील, म्हणजे कामाच्या नमुन्यांचे व्हिडिओ, मी तपासतो, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मार्गदर्शन करतो. ‘सर, मी नेमकं कशात स्पेशलाइज करू?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलं त्याचं उत्तर यूट्यूबवर शोधतात, मित्रांना विचारतात, नाहीतर कुठल्या विभागात पगार जास्त याचा हिशेब मांडतात. या प्रकरणात उत्तर केलेल्या कामातून निघालं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. विद्यार्थिनीची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. नाव, गाव, संस्था आणि स्टुडिओ गाळले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी सातारा जिल्ह्यातली. वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान : ग्रिल, गेट, शटर, पत्र्याच्या शेड. बारावी सायन्स, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड. २०२१ मध्ये तिने तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पहिले काही महिने ऑनलाइन गेले. वर्गातल्या बहुतेकांसारखी तीही कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन करायचं म्हणूनच आली होती.

पहिल्या वर्षी ड्रॉइंग, बॉल बाउन्स, वॉक सायकल (चालण्याचं आवर्तन). दुसऱ्या वर्षी माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलिंग, टेक्स्चरिंग, रिगिंग, लायटिंग, शिवाय थोडं कॉम्पोझिटिंग. असा अभ्यासक्रम सगळ्याची चव देतो आणि ती द्यायलाच हवी. मोठ्या स्टुडिओत मात्र एक शॉट अनेक हातांतून जातो. प्लेट, म्हणजे शूट झालेलं मूळ फुटेज, आलं की मॅचमूव्हवाले त्यातून खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल शोधून काढतात. रोटो आणि पेंटवाले माणसं वेगळी करतात, दोऱ्या-वायरी पुसतात. मग अ‍ॅनिमेशन, एफएक्स (धूर, आग, पाणी), लायटिंग आणि शेवटी कॉम्प, म्हणजे हे सगळं एका चित्रात जोडणं. प्रत्येक विभागाचा लीड वेगळा, भरतीची टेस्ट वेगळी. ‘मला सगळंच थोडं थोडं येतं’ म्हणणाऱ्या नवख्याला तिथे खुर्ची नसते. छोट्या जाहिरात स्टुडिओत किंवा आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनच्या ऑफिसात असते. हा फरक मुलांना बहुधा शेवटच्या सत्रात कळतो. हिला चौथ्या सत्राच्या शेवटी कळला, म्हणजे हाताशी एक वर्ष होतं.

पेच कुठे होता

तेव्हाचं तिचं शोरील दोन मिनिटांहून लांब होतं. लोगो, समई, वॉक सायकल, लिप-सिंक, ट्यूटोरियल बघून केलेलं पाणी, ग्रीन स्क्रीन, असं सगळं एकामागून एक. मी आवाज बंद करून ते परत लावायला सांगितलं आणि म्हटलं, ‘ज्या शॉटबद्दल मी काहीही विचारलं तरी उत्तर देता येईल असं वाटतं, तिथे थांब.’

ती थांबली ती रस्त्यावर ठेवलेल्या एका लाकडी पेटीपाशी. मोबाइलवर घेतलेला साधा शॉट, त्यात थ्रीडी पेटी बसवलेली. मी तो बघून न बघितल्यासारखा पुढे जाऊ दिला होता. ती म्हणाली, ‘सर, इथे पेटी अजिबात स्लिप होत नाही बघा. शेवटी थोडी होते, मला ते काढता नाही आलं.’ शेवटच्या काही फ्रेममधली ती घसरण मला दोनदा बघितल्यावर दिसली.

अ‍ॅनिमेशनच्या शॉटबाबत उलट होतं. पोझ बऱ्या होत्या, पण वजन जाणवत नव्हतं आणि टायमिंग एकसुरी होतं. नोट, म्हणजे दुरुस्तीची सूचना, दिली की ती तेवढी मन लावून दुरुस्त करायची. दुसऱ्या शॉटमध्ये तीच चूक परत यायची, कारण ती तिची तिला दिसतच नव्हती. मेहनतीत कुठेही कमी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. ‘कॅरेक्टरच करायचं म्हणून आले, आता ते जमत नाही असं कसं म्हणू’, हे तिच्या मनावरचं खरं ओझं होतं. दोन वर्षांची फी भरलेली होती आणि घरी सगळ्यांना ‘कार्टून बनवणार’ असं सांगून झालं होतं.

समोरचे पर्याय

कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनच चालू ठेवणं हा पहिला. वर्षभरात सुधारणा झाली असती. पण अ‍ॅनिमेटरच्या जागांसाठी ज्यांचा हात आणि नजर दोन्ही तयार आहेत अशी मुलं रांगेत असतात, हे तिला ठाऊक होतं.

एफएक्स हा दुसरा. वर्गातली चार-पाच मुलं हूडिनी या एफएक्सच्या सॉफ्टवेअरकडे वळली होती आणि त्यांच्या ग्रुपमध्ये रोज धूर आणि स्फोट फिरत होते. हूडिनीची अ‍ॅप्रेंटिस आवृत्ती शिकण्यासाठी फुकट मिळते, म्हणजे सॉफ्टवेअरचा खर्च नव्हता. मशीनचा होता. सिम्युलेशनच्या कॅश फाइल डिस्क भरून टाकतात आणि तिच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम होती. तरीही तिने घरून पैसे मागवून एक ऑनलाइन कोर्स घेऊन टाकला होता. मैत्रिणीने घेतला, एवढंच कारण.

रोटोची नोकरी लगेच धरणं हा तिसरा. प्रवेश सोपा, शिकवून घेतात, पण सुरुवातीच्या पगारात मुंबईतलं भाडं आणि मेस भागवून हातात फारसं उरत नाही. मशीन लर्निंगवर चालणारी साधनं सगळ्यात आधी याच कामावर आली. न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपीकॅट नावाचं साधन २०२१ पासून आहे. थोड्या फ्रेम हाताने करून दिल्या की ते बाकीच्या करायला शिकतं. रोटो संपलं असं मी म्हणणार नाही. केस, मोशन ब्लर, एकमेकांत गुंतलेली माणसं याला आजही बसून हातानेच करावं लागतं. पण नवख्याच्या वाट्याला जे सोपं काम यायचं ते कमी होत चाललं आहे.

चौथा, जनरलिस्ट होऊन, म्हणजे सगळंच थोडं थोडं करत, पुण्यातच राहणं. घरच्यांची पसंती याला होती.

मॅचमूव्ह या यादीत नव्हतंच. अभ्यासक्रमात त्याला दोन लेक्चर मिळाली होती. ते तांत्रिक काम आहे, कलाकाराचं नाही, अशी वर्गाची समजूत होती.

काय केलं

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही चार विभागांची चाचणी ठरवली : अ‍ॅनिमेशन, एफएक्स, रोटो आणि, त्या पेटीमुळे, मॅचमूव्ह. प्रत्येकाला साधारण दोन आठवडे आणि एकच शॉट. लीड मी. शॉट अप्रूव्ह होईपर्यंत पुढे जायचं नाही. आणि एक वही ठेवायची : मी दिलेल्या नोटपैकी कोणती तिला आधीच दिसली होती ते त्यात लिहायचं. आवड किती वाटली हे मी लिहायला सांगितलं नाही. दोन आठवड्यांत आवड ट्यूटोरियलगणिक बदलते.

अ‍ॅनिमेशनचा शॉट होता पोतं उचलणाऱ्या हमालाचा. तिसऱ्या फेरीला तो ठीक झाला. वहीत ‘आधी दिसली होती’ या रकान्यात जवळपास काही नव्हतं. एफएक्समध्ये चुलीचा धूर केला, दिसायला छान. मी वाऱ्याची दिशा बदलायला सांगितली तेव्हा सेटअपमध्ये कुठे हात घालायचा ते कळेना, तिने सगळं पहिल्यापासून केलं. लॅपटॉप रात्रभर चालायचा आणि सकाळी डिस्क भरलेली असायची. रोटोच्या शॉटमध्ये बाजारातून चालत येणारी, केस मोकळे सोडलेली बाई होती. कडा स्वच्छ आल्या, काम वेळेत झालं. त्यावर वहीत तिने फक्त ‘झालं’ असं लिहिलं.

मॅचमूव्हचा शॉट जरा तपशिलात सांगायला हवा, कारण सगळा निर्णय तिथे झाला.

पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दगडी पायऱ्या, मोबाइल हातात धरून पायऱ्यांच्या दिशेने चालत जायचं, आणि तिसऱ्या पायरीवर बसलेला एक रोबोट. रोबोट वर्गमित्राने तयार करून दिला होता. तिने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक केलं, म्हणजे चित्रातले ठळक पॉइंट फ्रेमगणिक धरून त्यावरून कॅमेरा काढला (याला सॉल्व म्हणतात). त्या हिशेबातली चूक, सॉल्व एरर, आली ०.४ पिक्सेल. आकडा चांगला आहे. तरी रोबोटचे पाय पायरीवरून सरकत होते. दुसऱ्या कुणी पॉइंट वाढवले असते, किंवा पायाखाली गडद सावली टाकून घसरण झाकली असती. हिने वाड्याच्या भिंतीच्या कोपऱ्याशी एक साधा थ्रीडी चौकोन लावून बघितला आणि मला मेसेज केला : ‘सर, कोपरा गुण्यात येत नाहीये.’ लहानपणापासून वडिलांना गेटच्या चौकटीला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघताना पाहिलेली मुलगी होती ती.

तिथून तिने तीन कारणं शोधली. पहिलं लेन्सचं. मोबाइलच्या माहितीत २६ मिमी लिहिलं होतं. ती ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाची समतुल्य संख्या असते. खरी लेन्स पाच-सहा मिमीची आणि सेन्सर छोटासा. तिने २६ हा आकडा फोनच्या छोट्या सेन्सरच्या मापाबरोबर भरला होता, त्यामुळे कॅमेरा टेलिफोटो असल्यासारखा हिशेब चालला होता. दुसरं, फ्रेम रेट. फोन व्हिडिओ घेताना दोन फ्रेममधलं अंतर सारखं ठेवत नाही. ते फुटेज २४ फ्रेमवर आणताना मध्येच एखादी फ्रेम दुबार झाली होती, म्हणजे कॅमेरा एक फ्रेम थांबतो आणि पुढच्या फ्रेमला उडी मारतो. हे तिला एकेक फ्रेम पुढे सरकवत बघताना सापडलं. तिसरं, स्टॅबिलायझेशन चालू होतं. फोन आपल्या मनाने चित्र कापून, ताणून सरळ करतो, मग एकाच लेन्सचं गणित सगळ्या फ्रेमना लागू पडत नाही. सॉफ्टवेअरने या तिन्ही चुका सामावून घेणारा एक खोटा कॅमेरा शोधला होता, म्हणून एरर कमी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेप घेऊन वाड्यावर गेली. स्टॅबिलायझेशन बंद, फोकस लॉक, फ्रेम रेट पक्का ठेवणारं अ‍ॅप, शटर जलद. लेन्समुळे चित्राला येणारा बाक काढण्यासाठी कागदावर छापलेला चौकटींचा चार्टही शूट केला. पायऱ्यांची उंची, खोली, रुंदी मोजून आणली आणि त्या मापाच्या पायऱ्या थ्रीडीत बांधल्या. नव्या सॉल्वची एरर ०.७ आली, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. पण कोपरा गुण्यात बसला आणि रोबोट पायरीवर घट्ट बसला. का बसला याचं एक पानभर टिपण तिने स्वतःहून लिहून पाठवलं.

मी तिला पहिली प्लेटही सोडवायला लावली. स्टुडिओत दिग्दर्शकाला ‘परत शूट करा’ म्हणता येत नाही, आली ती प्लेट चालवून घ्यावी लागते. दुबार फ्रेम काढून, मोजलेल्या पायऱ्या आधाराला घेऊन, रोबोट जिथे बसतो तेवढ्या भागापुरती पकड तिने मिळवली. मागच्या भिंतीवर थोडी घसरण राहिली. तिथे संगणकावर बनवलेलं काही नव्हतं, म्हणून मी तो शॉट अप्रूव्ह केला. कुठे अचूक असायलाच हवं आणि कुठे सोडता येतं, हे या कामातलं महत्त्वाचं भान आहे.

माझ्या चार नोटपैकी तीन तिच्या वहीत आधीच होत्या.

निर्णयाच्या जागा

पहिली, घरच्यांशी बोलणं. वडील पुण्याला आले तेव्हा भेटले. ‘सर, आम्ही पैसे भरले ते कार्टूनसाठी. हे कॅमेऱ्याचं काय नवीन काढलंय?’ प्रश्न रास्त होता. तिने त्यांना लॅपटॉपवर दोन्ही रोबोट दाखवले, एक सरकणारा, एक बसलेला. त्यांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि विचारलं, ‘याचे पैसे वेगळे देतात का?’ मी विभाग, जागा आणि सुरुवातीची परिस्थिती जशी आहे तशी सांगितली. कॅरेक्टर अ‍ॅनिमेटरपेक्षा या कामाचं नाव कमी होतं, शेवटच्या चित्रात ते दिसतच नाही, हेही सांगितलं.

दुसरी, शेवटच्या वर्षाची फिल्म. पाच जणांचा गट, आणि त्यांना ती अ‍ॅनिमेटर म्हणून हवी होती. तिने सगळ्या शॉटचा कॅमेरा आणि लेआउट (शॉटची रचना) मागून घेतला. अ‍ॅनिमेशनला स्वतंत्र गुण असल्याने शिक्षकांचा आक्षेप होता. तोडगा असा निघाला की एका शॉटमध्ये अभिनेत्याच्या हालचालीवर फ्रेम-दर-फ्रेम थ्रीडी शरीर बसवायचं, म्हणजे रोटोअ‍ॅनिम करायचं. मॅचमूव्ह विभागात हे काम येतंच, आणि त्यात तिचे वॉक सायकलचे दिवस कामी आले. अ‍ॅनिमेशनची दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणू देत नाही ते यामुळे.

तिसरी, शोरील. समई, लोगो, धूर, सगळं काढलं. पाचच शॉट ठेवले, वाड्याचा पहिला. प्रत्येकात आधी प्लेट, मग ट्रॅकिंग पॉइंट, मग पकड दाखवणारा चेकरबोर्ड, शेवटी रोबोट किंवा वस्तू. खाली लेन्स, सेन्सर आणि मोजमाप काय होतं त्याची एक ओळ. वॉक सायकल काढताना ती हळहळली. तो शॉट वाईट नव्हता, पण मॅचमूव्हच्या लीडला त्यातून काहीच कळलं नसतं.

चौथी सगळ्यात अवघड होती. हॉलिवूडमध्ये २०२३ च्या २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत लेखकांचा आणि १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत अभिनेत्यांचा संप चालला. चित्रीकरण थांबलं की प्लेट येत नाहीत, आणि मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूच्या स्टुडिओंना त्याची झळ काही महिन्यांनी बसते. २०२४ च्या सुरुवातीला ती अर्ज करू लागली तेव्हा फ्रेशरची भरती ठप्प होती. मॅचमूव्हसाठी कुठूनच उत्तर येईना. मुंबईतल्या एका छोट्या स्टुडिओने रोटोसाठी बोलावलं.

घ्यावी की थांबावं? थांबून पुण्यात शोरील आणखी घासता आलं असतं, पण घरखर्चाचा भार वडिलांवर होता. तिने नोकरी घेतली आणि घरी मुदत सांगितली : सहा महिने, त्यानंतर पुन्हा विचार. ही मुदत आधी बोलून ठेवली हे मला फार मोलाचं वाटतं. रोटोला लागलेली कितीतरी चांगली मुलं ‘बघू पुढे’ म्हणत तिथेच राहतात.

निष्पत्ती

रोटो करताना ती आधी प्लेनर ट्रॅक करून घ्यायची, म्हणजे सपाट भागाची हालचाल सॉफ्टवेअरकडून धरून घ्यायची, आणि मग कडांचे शेप लावायची, त्यामुळे हाताने ठरवायच्या कीफ्रेम कमी लागायच्या. लीडच्या ते लक्षात आलं. त्या स्टुडिओत मॅचमूव्ह विभाग नव्हता, पण एरवी बाहेरून करून घ्यायचं ते दोन-तीन छोट्या शॉटचं मॅचमूव्ह त्यांनी तिला दिलं. म्हणजे शोरीलमध्ये खऱ्या कामाचा अनुभव सांगता आला.

मुदत संपायच्या सुमारास मोठ्या स्टुडिओची टेस्ट मिळाली. प्लेट दिली होती, लेन्सची माहिती दिली नव्हती. अंदाजाने आकडा भरून सॉल्व करत बसण्याऐवजी तिने पहिल्या अर्ध्या तासात मेल पाठवून कॅमेऱ्याचं मॉडेल आणि सेन्सर विचारला. उत्तर येईपर्यंत प्लेटमधल्या दाराच्या चौकटीवरून पर्स्पेक्टिव्हचा अंदाज बांधून ठेवला. मुलाखतीत त्या मेलबद्दलच जास्त विचारलं गेलं, असं तिने सांगितलं. ती निवडली गेली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर या मोठ्या व्हीएफएक्स कंपनीचा डोलारा कोसळला. त्यांचं भारतातलं कामही बंद पडलं आणि अनुभवी कलाकार एकदम बाजारात आले. तिची नोकरी टिकली, पण तिच्या विभागात नवीन जागा गोठल्या आणि पगारवाढ पुढे गेली. योग्य विभाग निवडला म्हणून या धंद्याच्या चढउतारातून सुटका होत नाही, हे शिकणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगितलं पाहिजे.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणी दुसऱ्या सत्रातच व्हायला हवी होती. एकाच शॉटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेण्याचा सराव पहिल्या वर्षी दिला, तर प्रत्येक विभागाचं नाव आणि काम मुलांच्या हाताखालून एकदा जातं. तिच्या संस्थेत आता हे सुरू झालं आहे. मॅचमूव्ह तिला जवळपास अपघाताने सापडलं. रस्त्यावरची ती पेटी शोरीलमधून आधीच काढली असती तर मलाही सुचलं नसतं.

हूडिनीच्या कोर्सचे पैसे वाचले असते. कुठलाही कोर्स विकत घेण्याआधी त्या विभागाचा एक शॉट दुसऱ्याच्या नोट घेऊन पूर्ण करायचा, एवढी अट घालून घेतली असती तरी पुरलं असतं.

लेआउटकडे आम्ही नीट बघितलंच नाही. कॅमेरा सोडवणाऱ्याला कॅमेरा रचताही यायला हवा. फिल्ममध्ये तिने ते केलं होतं, तरी शोरीलमध्ये त्याचा एकही शॉट नव्हता. एक तरी ठेवायला हवा होता.

आपोआप सॉल्व करणारी साधनं सुधारत आहेत, म्हणून हे क्षेत्रही धोक्यात आहे का, असं मुलं विचारतात. सोपे शॉट मशीन करेल, बरेचसे आताच करते. उरतात ते धुरातले, अंधारातले, जिथे धरायला एकही पॉइंट नाही असे शॉट, आणि मशीनने दिलेला कॅमेरा खरा की खोटा हे ओळखणं. वाड्याच्या शॉटमधला ०.४ हा आकडा म्हणून मी प्रत्येक बॅचला दाखवतो.

आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. माया आणि थ्रीडी-इक्वलायझर (मॅचमूव्हचं सॉफ्टवेअर) दोन्हीमध्ये तिच्यात स्क्रिप्ट लिहिता येतात, आणि विभागात पन्नास शॉट सारख्या नावाने, सारख्या मापाने पुढे पाठवायचे असतात तेव्हा ज्याला स्क्रिप्ट येते त्याला लीड जवळ बसवतो. बारावी सायन्स झालेल्या मुलीला हे तिसऱ्या सत्रात सहज शिकता आलं असतं. आता ती नोकरी सांभाळून रविवारी शिकते आहे.